चार नंबर गेटाबाहेर

कृष्णस्वामी ते चेष्टेतच बोलला होता. मैलापूरच्या तळ्यामागच्या मेसमध्ये रविवारी सकाळी, आदल्या संध्याकाळच्या पराभवाचं सुतक पाळायला तिघे जमले होते, आणि वाद नेहमीचाच चालला होता, की मद्रास मरिनर्स या फुटबॉल टीमचं वाटोळं नेमकं कुणी केलं. वेंकटरमणच्या मते पोर्तुगीज कोच गेला तेव्हाच क्लबात राम उरला नाही. कृष्णस्वामी म्हणत होता, पोर्तुगीज कसला घेऊन बसलास, नुसता बोलघेवडा. खरा माणूस तो टकला डच, पण त्याला पाय रोवायच्या आतच हाकलला. आणि आत्ताचा हा कालिकतचा? "बचावाला पाच जण उभे करतो आणि तीन गोल खातो. त्यापेक्षा माझी बायको बरी टीम लावेल." बाळकृष्ण म्हणाला, अरे कोचनं काय करायचं, तो बिचारा रेषेबाहेर उभा, बॉल थोडाच त्याच्या पायात असतो. त्यावर कृष्णस्वामीनं पेल्यातली कॉफी वाटीत आणि वाटीतली पेल्यात ओतत, डोळा बारीक करून बाळकृष्णकडे पाहत म्हटलं, "कोच बदलले. गोलकीपर बदलले. जर्सीचा रंगसुद्धा बदलला. पहिल्या दिवसापासून न बदललेला माणूस एकच आहे, आपला बाळू सार. काल म्हणे गुडघा दुखतो, मी शेवटपर्यंत आतच बसणार. बसला! काय झालं पाहिलंत ना?" तिघेही हसले. बाळकृष्णही हसला, आणि हसता हसता त्याच्या हातातला पेला कलंडून गरम कॉफी मांडीवर सांडली. ती पोळली हे त्याला जरा वेळानं कळलं. वेंकटरमण त्याचा सख्खा मेहुणा, तो पंचा पुढे करत म्हणाला, "सोडा हो माप्पिळ्ळै, जावईबापू, याचं काय मनावर घेता." पण वेंकटरमण नजर चुकवत होता. येत्या शनिवारी काय आहे ते त्याला ठाऊक होतं. शनिवारी मोसमातली शेवटची मॅच होती, हरले तर मरिनर्स खालच्या लीगमध्ये जाणार होते. आणि त्याच शनिवारी वेंकटरमणच्या बहिणीची, म्हणजे बाळकृष्णच्या बायकोची, हृदयाची झडप बदलायची होती.

हे बाहेर जायचं प्रकरण सुरू झालं तेसुद्धा थट्टेतच. मरिनर्सच्या पहिल्या मोसमात एकदा शेवटची वीस मिनिटं उरली असताना बाळकृष्णला लघवीला लागली म्हणून तो उठला आणि तो खाली पोचतोय तोवर गोल झाला. पुढच्या मॅचला पुन्हा तसंच. तिसऱ्या मॅचला कृष्णस्वामीनं त्याला दंडाला धरून उठवलं, "बाळू सार, जा." तो गेला आणि गोल झाला. मग प्रथाच पडली. सत्तरावं मिनिट लागलं आणि आपली बाजू मागे असली की आख्खा स्टँड त्याच्याकडे बघायचा, पोरंटोरं टाळ्यांच्या ठेक्यात "बाळू सार, वेळिये! वेळिये!" ओरडायची, बाहेर, बाहेर, आणि तो लग्नातल्या मानकऱ्यासारखा हात हलवत पायऱ्या उतरून चार नंबर गेटाबाहेर सुंडलच्या, उकडलेल्या चण्यांच्या, गाडीपाशी जाऊन उभा राहायचा. गंमत होती, मानही होता. त्यात आपल्या टीमचा घरच्या मैदानावरचा एकही निर्णायक गोल आपण धड पाहिलेला नाही, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं. बाहेर फक्त आवाज यायचा. भिंतीपलीकडून आधी एक श्वास ओढल्यासारखी शांतता आणि मग ती प्रचंड आरोळी. एकदा ती ऐकून त्यानं सुंडलवाल्याला मिठी मारली होती, त्याला नाचवला होता. मग आत गेल्यावर कळलं, गोल रद्द झाला होता, ऑफसाइड. बाहेर ते कळायची सोय नसते.

आता गंमत संपली होती. रविवारपासून एकच भीती त्याच्या मानगुटीवर बसली होती, शनिवारी आपण आत राहिलो तर? इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात तो गुणवत्ता विभाग सांभाळत होता. ब्रेकचे सुटे भाग तपासायचे, गेजमध्ये घालायचे, बसत नसेल तो नग बाजूला. तीन नग बघून आख्खा लॉट फेटाळणाऱ्या पोराला त्यानं उभ्या उभ्या झापलं असतं. हे सगळं त्याला कळत होतं. पण कळून काय उपयोग, भीती काही गेजमध्ये बसत नाही. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून तो सकाळ-संध्याकाळ तेच ते चघळत बसायचा आणि प्रत्येक खेपेला विचारांची गाडी कोल्हापूरला जाऊन थांबायची. शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्या, उन्हात तापलेल्या, बुडाला चटका देणाऱ्या. त्यांच्या पेठेची टीम आणि पलीकडच्या पेठेची टीम. पेनल्टी मिळाली होती, सगळे उभे, आणि थोरल्या चुलत्यानं त्याची मान दोन्ही हातांनी धरून उलटी फिरवली होती, "बाळ्या, तू बघू नगंस लेका. तू बघितलास की जातंय बाहेर." तो आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याच्यासमोर मागच्या पायरीवरच्या एका अनोळखी म्हाताऱ्याचं धोतर होतं, त्यावर पानाचा डाग. त्या डागाकडे बघत त्यानं तो गोल ऐकला. चुलत्यानं मग त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं, भेळ चारली, सगळ्या पेठेला सांगत सुटला, आमचं पोरगं लई गुणाचं, तोंड फिरवलं की काम फत्ते. गुणाचं म्हणजे काय हे तेव्हा कळलं नव्हतं. नव्या सुनेला सासरी पांढऱ्या पायाची म्हणतात तसलाच हा प्रकार, फक्त त्याच्या वाट्याला तो कौतुकानं आला होता.

आणि मग वडील. त्यांच्या जाण्याचा तर विचारही तो करत नसे, पण या आठवड्यात तेही दार आपोआप उघडू लागलं. वडील कोल्हापूरला अतिदक्षता विभागात होते, भाऊ रोज फोनवर सांगायचा, बरे आहेत, काल पेज घेतली, तू घाई करू नकोस. बाळकृष्ण विमानानं पुण्याला आणि तिथून गाडीनं धावत गेला, चपला काढल्या, आत जाऊन कॉटपाशी उभा राहिला, आणि चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वडील गेले. भाऊ म्हणाला होता, "तुझीच वाट बघत होते." सगळेच असं म्हणतात. बाळकृष्णच्या मनात मात्र दुसरंच उमटलं, आणि ते त्यानं कुणालाही, अगदी बायकोला, चंद्रिकालाही, सांगितलं नाही: मी बाहेर थांबलो असतो तर? तेव्हापासून तो कुणाच्या आजारपणात खोलीत शिरत नसे. डबे पोचवायचा, औषधं आणायचा, रांगा लावायचा, रक्त द्यायचा. लोक म्हणायचे, काय राबतो हो हा माणूस. उंबऱ्याच्या आत पाय टाकायची वेळ आली की त्याला नेमका कुणाचा तरी फोन यायचा.

पण या सगळ्याच्या उलट एक गोष्ट होती, आणि रात्री अंथरुणावर तिला धरून तो झोप आणायचा. मुलीचा, नित्याचा, जन्म. अड्यारजवळच्या त्या नर्सिंग होममध्ये चंद्रिकाला आत नेलं, आणि वेंकटरमणला वर बसवून तो खाली रस्त्यावर गेला. नारळवाल्याशेजारी उभा राहिला, हात जोडून, तोंड रस्त्याकडे करून. वर बघायचंसुद्धा नाही असं ठरवून. किती वेळ गेला देव जाणे. मग वेंकटरमण जिना उतरून आला, घामानं भिजलेला, आणि म्हणाला, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." बाळकृष्णनं तिथल्या तिथे नारळवाल्याला, रिक्षावाल्यांना, ओळख ना पाळख अशा माणसांना पेढे वाटले होते. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा गोल, आणि तो बाहेर उभं राहून झाला होता. म्हणजे बाहेर उभं राहणं हे पळणं नव्हतं. ते एक काम होतं, कुणीतरी करायलाच हवं असं. असं तो स्वतःला समजावायचा आणि कूस बदलायचा. शेजारी चंद्रिका उशांना टेकून बसून झोपायची, आडवं झालं की तिला धाप लागायची. तिच्या श्वासाचा आवाज, वर चढताना अडणारा, पुन्हा चढणारा, तो ऐकत राहायचा. तिच्याकडे बघायचा नाही.

चंद्रिकानं एकच मागणं मागितलं होतं. ती तंजावूरकडच्या जुन्या मराठी घरातली. तिचं मराठी शिवाजीच्या काळातलं आणि सूर सगळा तमिळ, असं तो लग्नाआधीपासून चिडवत आला होता. बुधवारी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "आंत नेईपर्यंत एका माणसास जवळ बसूं देतात. तुम्ही बसा." तो म्हणाला, "नित्या येतेय की बंगळूरहून. तिला बसू दे. मी बाकीचं बघतो, पैसे भरायचे, इन्शुरन्सचं." "बाकीचें वेंकू बघेल," ती म्हणाली. "अगं, बघू." विळी थांबली. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग पुन्हा चिरायला लागली. "मरिनर्सची मॅच आहे ना त्या दिवशीं," असं म्हणाली फक्त. त्यात टोमणा होता की नव्हता हे त्याला ठरवता येईना, आणि न ठरवता तो उठून बाल्कनीत गेला.

शनिवारी सकाळचं ऑपरेशन पुढे ढकललं. कुणाचीतरी तातडीची केस आली म्हणाले. चार वाजले. नित्या वर आईपाशी होती, वेंकटरमण कॅश काउंटरच्या रांगेत, आणि बाळकृष्ण गाडी नीट लावून येतो असं सांगून जो खाली आला तो हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर, मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बाईशेजारी उभा होता. पाठ इमारतीकडे. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. तो कुणाला फसवत नव्हता, जिवाच्या आकांतानं आपलं काम करत होता. फोन वाजला. कृष्णस्वामी, मागे स्टेडियमचा कल्लोळ. "बाळू सार, मॅच सुरू झाली. कुठे आहेस? आत की बाहेर?" "बाहेर," तो म्हणाला. "मग बाहेरच राहा, देवाशप्पथ हलू नकोस! आणि घरचं कसं आहे? सगळं ठीक होईल रे, काळजी नको." फोन बंद झाला. समोरून एकोणतीस नंबरची बस गेली. गजरेवालीनं विचारलं, गजरा हवा का, वर कोण आहे? तो म्हणाला, बायको. ती म्हणाली, मग जा ना वर. इतक्या साध्या सुरात, की त्याला रागच आला. तेवढ्यात पुन्हा फोन. या वेळी बोलणं ऐकूच येईना, नुसती आरोळी. गोल. मरिनर्सनी गोल केला होता. कृष्णस्वामी ओरडत होता, "बघितलंस? बघितलंस? आता हलायचं नाही! मुळीच हलायचं नाही!" बाळकृष्णच्या अंगावर काटा आला. आनंदाचा नव्हता तो. म्हणजे हे खरंच आहे, असं त्याच्या मनात आलं. खरं असेल तर जन्मभर असंच. जे जे चांगलं व्हायचं ते भिंतीपलीकडे, आणि आपण इथे, गाडीशेजारी, फाटकाशेजारी, आरोळीची वाट बघत. फोन अजून कानालाच होता आणि त्यात नित्याचा दुसरा फोन टुकटुक करत होता. त्यानं तो घेतला. "अप्पा, आईला आता नेणार आहेत. ती तुला बोलावते आहे." त्याची पाठ इमारतीकडेच राहिली. "अप्पा, ती रडते आहे." चंद्रिका रडते आहे हे वाक्य त्यानं उभ्या संसारात ऐकलं नव्हतं. ती रडत नसे, असंच तो धरून चालला होता. ती रडताना तो तिथे नसे, हे मनात यायला गजरेवालीच्या टोपलीइतकीही जागा त्यानं कधी ठेवली नव्हती. तो वळला. इमारतीकडे तोंड केलं तेव्हा त्याला कडेवरचं मूल पाण्यात सोडावं तसं काहीतरी आपण हातातून सोडतो आहोत असं वाटलं. आणि तो जिना चढू लागला.

पडद्याआडच्या कॉटवर ती होती, हिरव्या झग्यात, केस टोपीत, कपाळ पुसलेलं. नाकातल्या दोन्ही बाजूंच्या हिऱ्याच्या चमक्या काढून नित्याकडे दिलेल्या. लग्नापासून त्यानं ते नाक मोकळं पाहिलं नव्हतं. एवढंसं, शाळकरी पोरीसारखं दिसत होतं. नित्या उठून पडद्याबाहेर गेली. तो उभाच राहिला. "बसा," ती म्हणाली. तो बसला. "गोल झाला कां?" "झाला." "तुम्ही बाहेर होतां म्हणून." त्यानं मान खाली घातली. लपवायचं काय, तिला सगळं ठाऊकच होतं. मग तो पुटपुटला, "तू हसशील. पण नित्याच्या वेळीसुद्धा मी खालीच होतो. आणि सगळं नीट झालं." चंद्रिकानं त्याच्याकडे पाहिलं. तिचा श्वास वर चढत होता, अडत होता. मग ती म्हणाली, "नीट झालें असें कोण म्हणालें तुम्हांस?"

"वेंकूनं."

"वेंकूस मीच सांगायला लावलें तसें. पोर आली ती निळी आली. रडली नाहीं. तिला पलीकडे नेलें, आणि मला रक्त थांबेना. नर्स जिन्यापर्यंत धांवत होती, ओरडत होती, नवरा कुठें, नवरा कुठें. सही वेंकूनें केली, रक्त वेंकूनें दिलें. तुम्ही खालीं हात जोडून उभे आहां म्हणाला. मी मेलें असेंच वाटलें मला. तुमच्या नांवानें हांका मारीत होतें."

बाळकृष्णला पेढे आठवले. नारळवाल्याच्या तळहातावर ठेवलेला पेढा, आणि वेंकटरमणच्या शर्टाची वर दुमडलेली बाही, कोपराच्या खोबणीत चिकटवलेला कापूस. तो कापूस त्यानं पाहिला होता. पाहिला होता आणि विचारलं नव्हतं. "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" त्यानं विचारलं. "तुम्ही फार आनंदांत होतां," ती म्हणाली. "तुम्हांस वाटत होतें कीं तुम्हींच वांचवलें आम्हांस. तें मोडूं नये वाटलें." मग तिनं सलाइन लावलेला हात उलटा करून त्याच्याकडे सरकवला. हात बर्फासारखा गार होता. "आज मला भीति वाटते हो. एकटीस फार वाटते. तुमची भीति तुम्ही घेऊन जातां बाहेर, माझी कुणाजवळ ठेवूं?" त्यानं तो हात दोन्ही हातांत धरला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, ओठ कसे कापतात, डोळ्यांच्या कडेला पाणी कसं साचतं आणि कानाकडे कसं ओघळतं ते सगळं, मान न फिरवता. तोही थरथरत होता, आणि ती थरथर लपवायला जागा नव्हती. कॉटच्या चाकांचा ब्रेक निघाला तेव्हा ती म्हणाली, "येथेंच असा." मोठ्या दारापर्यंत तो चालत गेला. पायांत चढवलेल्या पांढऱ्या कापडी पिशव्या फरशीवरून घसरत होत्या. दार मिटलं, वरचा लाल दिवा लागला.

दारासमोरच्या खुर्चीत तो बसला. नित्यानं विचारलं, "अप्पा, तू खाली जातोस का? मी बसते." तिलाही सवय होती तर. "नाही," तो म्हणाला. खिशात फोन थरथरला. बरोबरी झाली होती. मग पुन्हा थरथरला, पुन्हा, पुन्हा. कृष्णस्वामीचे निरोप एकाखाली एक येत होते: आत गेलास का? बाहेर हो. आपल्यावर दुसरा गोल बसला. बाळू सार, कृपा करून बाहेर हो, हा नालायक कोच काही करत नाही, तू तरी कर. बाळकृष्णच्या मांड्या आपोआप ताठ झाल्या, उठायला. आत्ता उठलो, जिना उतरलो, त्या बाईशेजारी पाठ करून उभा राहिलो तर? वडिलांची कॉट डोळ्यांपुढे आली. आतल्या टेबलावर या क्षणी तिचं हृदय थांबवलेलं असणार, यंत्र चालत असणार, आणि मी इथे आहे, दाराच्या इतक्या जवळ. देवा, हे मी काय करतोय? एवढी भीती त्याला कधीच वाटली नव्हती, कारण एवढा वेळ त्या भीतीसमोर तो कधी बसलाच नव्हता. वेंकटरमण येऊन शेजारच्या खुर्चीत बसला. बाळकृष्णनं त्याचा हात धरला, बाही वर सारली आणि कोपराच्या खोबणीवर अंगठा ठेवला. वेंकटरमण चमकला, मग समजला. "बोलली वाटतं," तो म्हणाला. बाळकृष्णनं मान हलवली. फोन अजून थरथरत होता. त्यानं तो नित्याच्या हातात दिला.

बाहेर अंधारलं असावं. त्या कॉरिडॉरला खिडकी नव्हती. तिथे आवाजच नव्हता कसला. आरोळी नाही, त्याआधीची ती श्वास ओढल्यासारखी शांतता होती फक्त, आणि ती संपत नव्हती. एकदा त्याची मान आपोआप जिन्याकडे वळली. चुलत्याचे हात, तापलेले, खरखरीत, त्याला मानेवर जाणवले. त्यानं जोर लावून मान पुन्हा दाराकडे आणली आणि त्या लाल दिव्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी येऊन तो दिवा पसरला, एवढंच.

मग दिवा विझला. दाराची एक फळी आतून ढकलली गेली आणि नर्स बाहेर आली. तोंडावर मास्क तसाच. तिच्या डोळ्यांत काय आहे ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. वेंकटरमण खुर्चीतच चिकटून बसला, नित्यानं ओढणी तोंडाशी धरली. नर्सनं हातातल्या कागदाकडे पाहून मोठ्यानं विचारलं, "चंद्रिकाबरोबरचं कोण आहे?"

बाळकृष्ण उभा राहिला.

"मी," तो म्हणाला. "नवरा. इथंच आहे."